चौथी ओळ

सोमवार, ४

ही वही ताईने दिली. काल बॅग घेऊन तिच्या दारात उभा राहिलो, तर पाण्याचा पेला नंतर आणि वही आधी हातात ठेवली. मनात येईल ते लोकांच्या तोंडावर बोलण्यापेक्षा यात लिहीत जा, निदान ही नोकरी तरी टिकेल, असं म्हणाली. आधीच्या तीन नोकऱ्या मी जिभेने घालवल्या असं तिचं मत आहे. माझं मत असं, की तिन्ही ठिकाणी गाढवं भरली होती, आणि गाढवाला गाढव म्हटलं की ते लाथ मारतंच. असो. वही झकास आहे, कागद जाड आहे. पहिल्या पानावर शाईने माझं नाव लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

नवं गाव, नवी खोली, नवं काम. सकाळपासून शीळ घालतो आहे. खोली ताईच्या घरावरची. एक खाट, एक टेबल, खिडकीतून समोरच्या गॅरेजचं छप्पर. भावोजी कामासाठी परगावी असतात, त्यामुळे घरात ताई आणि चिमणी. चिमणी म्हणजे माझी भाची, वय वर्षं पाच. तिचा एक कान पूर्ण बंद आहे, दुसऱ्याला यंत्र लावलं की थोडं ऐकू येतं. ज्याचा मला वैताग येत नाही असं जगात हे एकच माणूस आहे. आमचा एक खेळ आहे. मी पाठीमागून हाक मारायची आणि ऐकू आली की तिने हात वर करायचा. हातही अर्धामुर्धा नाही, बाही खांद्यापर्यंत घसरेल इतका उंच. मग मामाऽऽ अशी जी आरोळी येते, ती गॅरेजमध्येही ऐकू जाते.

नोकरी कान तपासणाऱ्या केंद्रात आहे. चिमणी तिथलीच पेशंट, म्हणून ताईने शब्द टाकला. आज जाऊन जागा बघून आलो. बाहेर बाकं, मग कागदपत्रांची खिडकी, आत यंत्रं दुरुस्त करायची खोली आणि टोकाला तपासणीची खोली. तिला जाड भिंती आहेत, एका बाजूला काच आहे, आत एक खुर्ची आणि हेडफोन. दार लावलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं.

माणसं तीन. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई साठीच्या आहेत आणि बहिऱ्यांशी बोलून बोलून प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतात. ऐकायची यंत्रं दुरुस्त करणारा म्हातारा डोळ्याला भिंग लावून बसतो, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणतात. तिसरी खिडकीवाली. तिने माझं नाव दोनदा विचारलं आणि दोन्हीदा चुकीचं लिहिलं. चौथा तो जुना कंप्युटर, पिवळा पडलेला, अंगावर कापडी झगा. या चौघांत हुशार कोण असं विचारलं तर मी कंप्युटरकडे बोट दाखवेन, आणि तो महिनाभर बंद आहे.

अगदी बंद नाही. सुरू होतो, पण ड्राइव्ह सापडत नाहीत एवढं पडद्यावर सांगून थांबतो. तेवीस वर्षांतल्या पेशंटांच्या ऐकण्याचे आलेख त्या ड्राइव्हमध्ये आहेत. ते काढून नव्या कंप्युटरवर न्यायचे, जमलं तर नोकरी पक्की. त्या तेवीस वर्षांच्या बहिऱ्यांशी मला काही देणंघेणं नाही. पण चिमणीचा पहिला आलेख, ती दोन वर्षांची असतानाचा, त्यातच अडकला आहे. तिचं ऐकणं किती घटत चाललंय हे त्यावरून कळेल, आणि ते कळल्याशिवाय मोठे डॉक्टर ऑपरेशनचं ठरवणार नाहीत. तेरा तारखेला, बुधवारी तिची तपासणी आहे. तोवर आलेख हवा. नऊ दिवस! मला दोन पुरेत.

मंगळवार, ५

आज हसून हसून पोट दुखलं.

सकाळी नऊला, दार उघडायच्या आधी, हे लोक एकेक करून त्या खोलीत जातात. हेडफोन लावतात. कानात स्वतःचं नाव ऐकू येतं, तीनदा. प्रत्येक वेळी हात वर करायचा. तिन्ही हाकांना ओ मिळाली की यादीत खूण आणि मगच कामाला सुरुवात. पूर्वी या हाका कंप्युटरच मारायचा, केंद्र काढणाऱ्या डॉक्टरांच्या आवाजात. डॉक्टर जाऊन अकरा वर्षं झाली, पण आवाज साठवून ठेवला होता. हल्ली कंप्युटर आजारी, म्हणून मोठ्या बाई माइकवरून यादी वाचतात. मला वाटलं हेडफोन तपासत असतील. बाई म्हणाल्या की तेही आहेच, पण मुख्य म्हणजे जो इथे आहे त्याने आहे म्हणावं. मग हेच पुन्हा एकदा म्हणाल्या.

माझी पाळी आली. खुर्चीत बसलो, हाताची घडी घातली. तीनदा माझं नाव आलं, ठणठणीत ऐकू आलं. हात वर केला नाही. काचेतून जीभ दाखवली. बाहेर घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं, खिडकीवालीने तोंडावर हात ठेवला. मोठ्या बाईंनी माझ्या नावापुढे आडवी रेघ ओढली आणि अक्षरशः गयावया करायला लागल्या. एकदा हात वर करा हो, एवढंच करा. तीन दिवस ओ नाही मिळाली तर पुढे आमच्या हातात काही राहत नाही. मी सांगितलं की मी कंप्युटर दुरुस्त करायला आलोय, बालवाडीत नाव घालायला नाही.

खोलीच्या दाराशी एका खुंटीवर राखाडी पिशवी लटकते आहे. आत पेचकस, टॉर्च, चष्मा, डबा. कुणाची म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, तुमच्याआधी या कंप्युटरसाठी कुणीतरी आलं होतं, त्याची असणार. त्याचं नाव, चेहरा, काहीच आम्हाला आठवत नाही. कुणीतरी होतं एवढं तरी विसरू नये म्हणून ठेवली आहे. काय बोलणार! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

दुपारी झगा काढून कंप्युटर उघडला. आत बोटभर धूळ. दोन ड्राइव्ह, दोघांना जोडणारी एक रुंद पट्टीसारखी केबल. दुसरी तशीच केबल रिकामी लोंबते आहे. पडद्यावर चार ओळी येतात, चार ड्राइव्हच्या चार जागा, आणि चारींपुढे ‘नाही’. घड्याळजी मागे येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला लहान मुलासारखं समजावलं. सुरू झाल्यावर कंप्युटर आपल्या ड्राइव्हना हाक मारतो, ज्याने ओ दिली तो आहे, ज्याने दिली नाही तो नाही. पेटीत असला तरी नाही. म्हातारा मान हलवत म्हणाला, मग आम्ही तरी तुम्हाला वेगळं काय सांगतोय? पालथ्या घड्यावर पाणी.

घरी ताईला नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. उलट आजीचं काढून बसली. आडवेळी हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ देऊ नये, असं आजी म्हणायची. माणूस असेल तर तिसरी हाक मारतोच, जे माणूस नाही त्याच्याने तिसरी निघत नाही. मी म्हटलं, आजीने जन्मभर कोंबड्यांना हाका मारल्या, तिला काय विचारतेस. चिमणीबरोबर वीस हाकांचा खेळ झाला. सतरा बरोबर!

बुधवार, ६

सकाळचा तमाशा पुन्हा. पुन्हा हाताची घडी. आज थट्टा म्हणून नाही, तत्त्व म्हणून. बाईंचा आवाज तिसऱ्या हाकेला कापला. दुसरी आडवी रेघ.

रोग सापडला. आधी बटणाएवढी बॅटरी बदलली, ती मेल्यामुळे कंप्युटर तारीख, वार, सगळं विसरला होता. केबलची टोकं काढून पुसून बसवली. तरी ‘नाही’. मग ड्राइव्हच्या मागच्या पिना पाहिल्या. त्यांच्यावर प्लास्टिकची इवलीशी टोपी असते. एका केबलवर दोन ड्राइव्ह असले तर टोपी कुठे बसवली आहे त्यावरून एक मालक ठरतो आणि दुसरा हाताखालचा. इथे कुणा महाभागाने दोघांनाही मालक करून ठेवलं होतं. एका म्यानात दोन तलवारी! दोघंही एकदम ओ देणार आणि कंप्युटरला एकही कळणार नाही. हे त्या राखाडी पिशवीवाल्याचंच काम असणार. असले कारागीर लक्षात राहत नाहीत तेच बरं.

एक टोपी सरकवली आणि सुरू केला. पहिली ओळ, आहे. दुसरी ओळ, आहे. शीळ घालणार तेवढ्यात तिसरी ओळ आली. आहे.

पेटीत दोनच ड्राइव्ह आहेत. दुसऱ्या केबलला काही जोडलेलं नाही. ती उपटून टाकली. तिसरी ओळ, आहे. पहिल्या दोघांपुढे कंपनीचं नाव, आकडे येतात. तिच्यापुढे काही नाही. मोकळी जागा, मग ‘आहे’. जुना बोर्ड, काहीतरी गोंधळ असणार. अशा रिकाम्या ओळी सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकायच्या असतात, म्हणजे कंप्युटर त्यांच्यासाठी ताटकळत बसत नाही. जे नाही त्याची वाट कशाला बघायची? सवडीने करीन. आधी आलेख.

या लोकांचा उद्धटपणा मात्र वाढत चालला आहे. दुपारी चहा आला तर तीनच कप. खिडकीवाली मला म्हणते, आपण कुणाला दाखवायला आणलंय? तीन दिवस एकाच माणसाला बघून ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या डोक्यात भुसा असतो.

गुरुवार, ७

आज सकाळी हाका कंप्युटरने मारल्या. ड्राइव्ह जागे झाले तसा तो डॉक्टरांचा आवाजही परत आला. घोगरा, सावकाश, जवळून बोलल्यासारखा. मोठ्या बाईंनी हात वर केला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. घड्याळजीने, खिडकीवालीनेही केला.

मी हेडफोन लावला तो फक्त गंमत म्हणून. माझं नाव त्यात असणार कुठून?

होतं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. अकरा वर्षांपूर्वी गेलेला माणूस माझं नाव घेत होता. पहिली हाक. दुसरी हाक. मग डोक्यात प्रकाश पडला की हे घड्याळजीचे उद्योग आहेत, माझी जिरवायला आवाज काढलाय म्हाताऱ्याने. मांडीवर हात घट्ट दाबून बसलो. हात आपणहून वर जात होता, हे इथे कबूल करतो. दाबून धरला. तिसरी हाक झाली आणि मग खूप वेळ काहीच नाही.

बाहेर आलो तर सगळे कामाला लागले होते. यादीवर तिसरी आडवी रेघ नव्हती. कारण तिथे माझं नावच नव्हतं.

पडद्यावर चौथी ओळ आली आहे. मोकळी जागा. आहे.

शुक्रवार, ८

ठरवून बहिष्कार घातलाय. मी बोलतो, कुणी मान वर करत नाही. घड्याळजीच्या नाकासमोर टाळी वाजवली. त्याने डोळे चोळले, भिंग पुसलं, परत कामाला लागला. तीन अर्धवट माणसं एवढं बिनचूक नाटक करतील असं मला वाटलं नव्हतं.

आलेख काढायला लागलो. नव्या कंप्युटरवर उतरत आहेत, वर्षाला दीड तास. चिमणीचं वर्ष शेवटी येईल. मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना पाहिली आणि घड्याळजीला म्हणाल्या, अहो, हा आपोआप सुरू झाला की हो. आपोआप. दोनदा म्हणाल्या.

पाच दिवस मी राबतोय आणि आपोआप!

घरी ताईने ताट वाढलं नाही. विसरली असेल. मी स्वतः वाढून घेतलं. ती माझ्याकडे बघून दिवा बंद करून गेली.

शनिवार, ९

ताईला हाताला धरलं. तिने दंड खाजवला.

ओरडलो. भांडं आपटलं. तिने खिडकी लावली, वारा आहे म्हणाली.

केंद्रात गेलो. खोलीत बसलो, हेडफोन लावला. तिघांची नावं आली. नऊ हाका. मी दोन्ही हात वर करून बसलो. माझी हाक आली नाही. मी आहे, आहे, आहे म्हणत राहिलो. काचेपलीकडे मोठ्या बाई आपल्या चष्म्याची काडी चावत होत्या. मग आत आल्या आणि मी बसलो होतो त्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली. माझ्या मांडीवर. वजन लागलं नाही.

खोलीच्या कोपऱ्यात एक माणूस उभा आहे. चाळिशीचा, चष्म्याविना डोळे बारीक करून बघणारा. तोंड उघडतो, मिटतो. आवाज नाही. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने खुंटीवरच्या राखाडी पिशवीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

तिसरी ओळ. पेटीत नसलेली.

रविवार, १०

पहिल्या पानावर दोन रेघा आहेत. त्यांच्यावर काही नाही. कागद खरवडलेलासुद्धा नाही.

ताईने वरची खोली झाडली. माझी गादी उन्हात टाकली. शेजारणीला सांगत होती की खोली रिकामीच पडून असते, एखादी शिक्षिका मिळाली तर भाड्याने द्यावी. खाटेखालची माझी बॅग बाहेर काढली, बराच वेळ बघत बसली. ही कुणाची गं, असं चिमणीला विचारलं. चिमणी खेळत होती. रविवारी यंत्र काढलेलं असतं, तिला काहीच ऐकू आलं नाही. मी तिच्या मागे बसून हाका मारल्या. यंत्राविना तिने कधीच ओ दिलेली नाही, आज तरी कशी देणार. म्हणजे यावरून काही ठरत नाही.

काही ठरत नाही. बुधवारी ती त्या खोलीत असेल. हेडफोन असेल. तिथे टाचणीचा आवाजही सुटत नाही.

तीन हाका, तीनदा हात. या लोकांचाच नियम. तीनदा ओ मिळाली की माणूस आहे.

सोमवार, ११

कंप्युटरसाठी नवी बाई आली. विशीतली. दारातच सगळ्यांना नमस्कार, तुमची तब्येत कशी, भिंग कुठलं, हे काय, ते काय. अशा गोडबोल्या लोकांना कामातलं काडीचं कळत नाही असं मी म्हणणार होतो. पण तिने पेटी उघडली, टोप्या पाहिल्या आणि म्हणाली, कुणीतरी नीट काम केलंय इथे.

मला रडू आलं. एका पोरीच्या एका वाक्याने.

सकाळी तिने तीनदा हात वर केला. उंच. लाजली नाही, हसली नाही. बाईंनी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, हाक मारली की ओ द्यायची, त्यात काय. इतकं सोपं होतं.

खुंटीवर दोन पिशव्या आहेत. दुसरी म्हणजे माझी बॅग. ताईने आणून दिली म्हणे. बॅगेत केंद्राचा कागद सापडला, तुमच्यापैकी कुणी विसरलं असेल म्हणून.

नवीने पडद्याकडे पाहून विचारलं की ड्राइव्ह दोन आणि ओळी चार कशा. मग स्वतःच म्हणाली की रिकाम्या ओळी बंद करून टाकते, उद्या एक, नीट चाललं तर परवा दुसरी. जे नाही त्याची वाट कशाला बघायची.

माझं वाक्य. माझंच, शब्दन्‌शब्द.

मंगळवार, १२

अकरा वाजता तिने सेटिंग उघडलं. तिसरी ओळ.

तो माणूस खोलीतून पळत आला. तिच्या कानाशी तोंड नेलं. तोंड उघडं. मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच कुणाचा तरी हात हाताला लागला, गरम होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. तिने बटण दाबलं.

हात नाही. माणूस नाही. किंचाळलासुद्धा नाही.

खिडकीवालीने राखाडी पिशवी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मोठ्या बाईंनी अडवलं नाही. ही इथे का लटकत होती कोण जाणे, म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या.

परवा म्हणजे उद्या.

मी त्याला कारागीर म्हणून हिणवलं होतं. त्याला विचारलंही नाही की घरी कोण आहे.

बुधवार, १३

नऊ. हाका झाल्या. माझी नाही.

साडेदहा. चिमणीचं वर्ष उतरलं. आलेख नव्या कंप्युटरवर आहे. मी पाहिला. कागदावर छापून मोठ्या बाईंनी फाइलमध्ये लावला. मी केलं हे. कुणाला माहीत नसलं तरी मी केलं.

नवी म्हणाली की आता सगळं उतरलं, मुलीची तपासणी सुरू झाली की ही शेवटची ओळ बंद करते.

अकराला पाच कमी. ताई आली. निळा झगा घातलेली चिमणी. खुर्चीत बसली, पाय जमिनीला लागत नाहीत. मी तिच्या पायाशी बसून लिहितो आहे. हेडफोन तिला मोठा होतो, दोन्ही हातांनी धरलाय. दार लागलं.

बाईंचे बारीक आवाज सुरू झाले. ती हात वर करते. छान करते. मधेमधे थांबतात, तेवढ्यात मी —

बाई थांबल्या. काहीतरी लिहितायत.

चिमणे — अशी पहिली हाक मारली.

हात वर. उंच! बाही खांद्यापर्यंत!

बाईंनी काचेतून मान हलवली. आवाज दिलाच नव्हता. चूक म्हणून खूण केली. चूक नाही ती! चूक नाही, बाई, पाया पडतो —

चिमणी इकडेतिकडे बघते आहे. हसते आहे. मामाऽऽ म्हणून ओरडली. माइकमधून सगळ्यांनी ऐकलं. काचेपलीकडे ताई ओशाळून हसली. बाईंना सांगते आहे, तिच्या ओठांवरून वाचता येतंय, की मनातलं काहीतरी बोलते हो, तिला मामा नाही.

ताई.

पलीकडे नवीने पडदा उघडला. निळं सेटिंग. खाली जाते आहे. पहिली. दुसरी.

दुसरी हाक — चिमणे —

हात वर. लगेच. वाटच बघत होती. दोन्ही हात —

दोन झाल्या. दोन कुणालाही मारता येतात, आजी म्हणायची. माणूस असेल तर तिसरी. मी माणूस आहे. मी तुझा सख्खा — ताई, हे तू वाचशील तर — पहिल्या पानावर माझं नाव होतं, शाईने, दोन रेघा —

नवीचं बोट चौथ्या ओळीवर. मागे वळून काहीतरी विचारते आहे. मोठ्या बाई हो म्हणतायत.

चिमणीचा हात अजून वरच आहे. खाली करत नाही. वाट बघते आहे.

तोंड उघडलं आहे. तिसरी — चि